दुसरी शाखा काढताय? टर्नकी कंपनी आणि आर्किटेक्ट, दोघांचे कागद शेजारी ठेवून

जळगावात शेवभाजी-भरिताचं एक हॉटेल चाललं की पुढची चर्चा ठरलेली: आता भुसावळला एक, मग धुळ्याला एक. थोड्याच दिवसांत टेबलावर दोन कागद येतात. एक सुरत किंवा पुण्याकडच्या टर्नकी कंपनीचा, म्हणजे आराखड्यापासून फर्निचरपर्यंत सगळं एकहाती करून तयार जागा देणाऱ्यांचा. चौरस फुटाला दर, रंगीत थ्रीडी चित्रं, ठरल्या तारखेला चावी हातात. दुसरा गावातल्या आर्किटेक्टचा. त्याची फी वेगळी, कामाचं अंदाजपत्रक वेगळं, चित्रं कमी आणि ड्रॉइंगच जास्त. पहिला कागद बघायला छान असतो, दुसरा वाचायला कंटाळवाणा. बऱ्याच मालकांची निवड तिथेच होऊन जाते.

माझं मत आधीच सांगतो. भाड्याचा गाळा असेल आणि काय करायचं ते तुमचं पक्कं ठरलेलं असेल, तर टर्नकी चालेल. जागा स्वतःची असेल, त्यातून महामार्गावरची असेल, तर आर्किटेक्टशिवाय हात घालू नका.

सारखं नेमकं काय ठेवायचं?

साखळी म्हणजे सगळं हुबेहूब, हा टर्नकीवाल्यांचा पहिला मुद्दा, आणि त्याला आधार आहे. १९५३ साली अमेरिकेत मॅक्डोनाल्ड बंधूंच्या हॉटेलसाठी स्टॅन्ली मेस्टन या आर्किटेक्टने आराखडा केला, त्यात इमारतीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या पिवळ्या कमानी होत्या. धावत्या गाडीतून त्या लांबूनच दिसायच्या. इमारत हीच पाटी. बोधचिन्हात त्या कमानी नंतर उतरल्या.

आता याच्या उलट आपलं इंडियन कॉफी हाउस बघा. कामगारांच्या सहकारी संस्थांनी चालवलेली ही साखळी. तिरुवनंतपुरमला लॉरी बेकर यांनी तिच्यासाठी विटांची, गोल गोल वर चढत जाणारी इमारत बांधली. कोलकात्याला कॉलेज स्ट्रीटवर तीच कॉफी अल्बर्ट हॉलच्या उंच छताखाली मिळते. दोन्ही वास्तूंत साम्य शोधूनही सापडत नाही. तरी फेटा बांधलेला वाढपी समोर आला की आपण कुठे बसलोय ते कळतं.

तुमची ओळख या दोनपैकी कशात आहे? बहुतेक खान्देशी हॉटेलांची ती तर्रीत आणि भाकरीत असते. भुसावळच्या बाजारपेठेतल्या गाळ्याला जळगावसारखाच दर्शनी भाग दिला नाही तर गिऱ्हाईक काही वाट चुकत नाही. महामार्गावर मात्र मेस्टनचं गणित लागू पडतं. सुरत-नागपूर किंवा मुंबई-आग्रा रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने चाललेल्या माणसाला तुमची तर्री दिसत नाही, इमारतच दिसते. थांबायचं की नाही हे तो तिच्यावरूनच ठरवतो.

भटारखाना

खरी तुलना इथे होते, आणि दोन्ही कागदांत सगळ्यात कमी मजकूर याच विषयावर असतो.

टर्नकी कंपनीचं तयार किचन बहुधा पंजाबी-चायनीजच्या मापाचं असतं: एक तंदूर, एक चायनीज रेंज, दोन-तीन बर्नर. आपल्या जेवणाला ते बसत नाही. कळण्याच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाया बसून थापणार की उभ्याने, यावर ओट्याची उंची ठरते. खापरावरचे मांडे करायचे तर हातावर पोळी मोठी करत नेणाऱ्या बाईला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. भिंतीला चिकटवलेल्या रेंजवर ते काम होत नाही. आणि भरीत! आसोदा-बामणोदच्या वांग्यांचं नाव सांगायचं, जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे हे पाटीवर लिहायचं, आणि वांगी भाजायची गॅसवर? तुऱ्हाट्यांवर किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजायची असतील तर ती जाळ-ठिणग्यांची भट्टी स्वयंपाकाच्या एक्झॉस्टखाली ठेवता येत नाही. धूर बाहेर नेणाऱ्या डक्टच्या, म्हणजे पत्र्याच्या नळाच्या, आत तेलाचा थर साचलेला असतो. तिथे एक ठिणगी पोचली की आग थेट छतापर्यंत जाते. भट्टीला वेगळं, उघडं आवार हवं. भाड्याच्या गाळ्यात ते नसतंच.

म्हणून आधी ठरवा की काय कुठे शिजणार. जळगाव-भुसावळ अंतर २५ किलोमीटरच्या आसपास आहे. वांगी जळगावला भाजून, मसाला तिथेच कुटून सकाळी भुसावळला पाठवता येतो. मग भुसावळचा भटारखाना लहान केला तरी चालेल. धुळं ९० किलोमीटरच्या आसपास. तिथे सगळं जागेवरच शिजवावं लागेल, त्यामुळे एकूण जागेपैकी ३० ते ४० टक्के भटारखान्याला द्यायची तयारी ठेवा. हा हिशोब चांगला आर्किटेक्ट पहिल्याच बैठकीत मांडतो. टर्नकीचा माणूस पहिल्या बैठकीत खुर्च्यांची संख्या विचारतो, कारण त्याचं चित्र खुर्च्यांपासून सुरू होतं.

दुसरी गोष्ट ठसक्याची. काळ्या मसाल्याची फोडणी दिवसभर चालते. चिमणी मोठी बसवली की प्रश्न सुटला असं मालकाला वाटतं. पण जेवढी हवा बाहेर फेकली तेवढी कुठून तरी आत यावी लागते. तिची सोय नसेल तर चिमणीचा पंखा, म्हणजे ब्लोअर, जेवणघरातली थंड हवा ओढून बाहेर टाकतो, एसीचं बिल चढतं, मुख्य दार उघडायला जड जातं. आणि ब्लोअरला पुरेशी हवा मिळाली नाही की धूर शेगडीवरच्या हुडमध्ये न जाता गिऱ्हाइकाच्या नाकात जातो. बाहेर फेकलेल्या हवेच्या साधारण ८० टक्के ताजी हवा भटारखान्यातच सोडायची, उरलेली जेवणघराकडून येऊ द्यायची, म्हणजे वास उलट दिशेने येत नाही. आपल्याकडे यात एक फायदाही आहे. मार्च ते जून हवा इतकी कोरडी असते की ही ताजी हवा ओल्या पॅडमधून, म्हणजे कूलरच्याच तत्त्वावर, गार करून सोडता येते. पावसाळ्यात दमट हवेत पॅडचा उपयोग होत नाही, तेव्हा नुसता पंखा चालवायचा. एसीपेक्षा खर्च कितीतरी कमी, आणि आचारी मे महिन्यात काम सोडून जात नाही.

दोन्ही कोटेशनांत ‘ताजी हवा’ हा शब्द शोधा. नसेल तर विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तुम्हाला हवं ते कळलं.

उरलेलं पटकन: गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडर बाहेर, जमिनीच्या पातळीवर, तळघरात कधीच नाही. फरशीला मोरीकडे उतार द्या. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल तेल सांडलं की घसरते, तिच्यापेक्षा खरबरीत कोटा फरशी बरी. मोरीला ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी, लावाच. अन्नसुरक्षेचा परवाना प्रत्येक शाखेला वेगळा लागतो. तपासायला आलेला अधिकारी धुता येणाऱ्या भिंती, जाळ्या, कच्च्या-शिजवलेल्याची वेगळी जागा बघतो. वॉलपेपर कोणता लावलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

ऊन आणि काळी माती

वैशाखात भुसावळचा पारा ४५च्या आसपास जातो, हे पुण्याच्या संगणकावर दिसत नसावं. पश्चिमेला पूर्ण काचेचा दर्शनी भाग हे टर्नकीचं लाडकं चित्र. दुपारी चारला त्या काचेजवळच्या टेबलावर कुणी बसत नाही, म्हणजे भाडं भरलेली जागा रिकामी राहते. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना जाड भिंती आणि वर मातीचं छत होतं ते उगीच नाही. आज माती घालायची गरज नाही. खोल ओटी, पश्चिमेला भरीव भिंत, स्लॅबवर पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे टाइलच्या तुकड्यांचा, थर एवढं केलं तरी आतला उकाडा बराच उतरतो. गाळा मात्र ज्या दिशेला आहे त्याच दिशेला राहणार. तिथे आर्किटेक्ट फार जादू करू शकत नाही, छज्जा आणि पडदे टर्नकीवालाही लावतो.

महामार्गाच्या प्लॉटवर गोष्ट वेगळी. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरून फरशी टाकली तर एक-दोन पावसाळ्यांत जेवणघर वर-खाली होतं. टर्नकीचा दर बहुधा तयार फरशीपासून वर मोजलेला असतो. माती तपासणं, पाया, स्ट्रक्चरल इंजिनिअर हे त्यात नसतं. आर्किटेक्टच्या कागदात हे असतं, म्हणूनच तो महाग वाटतो.

वाड्याचा देखावा

सध्या सगळ्यांना ‘आपल्या मातीचा लूक’ हवा असतो. टर्नकीवाला तो एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या) जाळ्या, प्लास्टिकचे वासे आणि नकली शेणसारवणाचा रंग लावून देतो. फोटोत सुरेख दिसतं. हात धुवायच्या बेसिनजवळचं एमडीएफ पाणी पिऊन फुगलं की सगळं सोंग उघडं पडतं. कोटेशनात ‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढंच लिहिलं असेल तर आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) असा शिक्का मागा.

गवताचं छप्पर आणि बांबू यांच्यापासून तर लांबच राहा. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागली, १४ माणसं गेली. छताला लावलेलं असंच पेट घेणारं सामान आगीच्या वेगाचं एक कारण होतं. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा द्यावं लागतं. उद्घाटनाचे हार सुकले म्हणून ते चुकत नाही.

आर्किटेक्टही देखावा करतात, नाही असं नाही. काहींना तुमच्या हॉटेलातून स्वतःचं बक्षीस मिळवायचं असतं. उघड्या विटा, खडबडीत दगड, त्यात तेलाची धूळ बसते आणि रोज पुसायला कुणी नसतं. ‘हे पुसणार कोण?’ हा प्रश्न त्यांनाही विचारा.

पैसे, वेळ, कागद

वेळेत टर्नकी सरळ जिंकते. कारखान्यात बनलेलं फर्निचर ट्रकने येतं आणि बसतं. आर्किटेक्टबरोबर स्थानिक सुतार-गवंडी आले, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ते गावाला गेले की काम थांबतं. भाडं मात्र चालू राहतं.

पैशांत चित्र इतकं सरळ नाही. चौरस फुटाच्या दरात डक्ट, गॅस पाइप, वाढीव वीजभार, अग्निशमन आणि पाटी आहे का ते बघा. अनेकदा नसतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’. पाच टक्के जीएसटी आकारणाऱ्या हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे इंटिरियरवरचा १८ टक्के कर हा निव्वळ खर्च धरा.

आर्किटेक्टची फी कामाच्या खर्चावर टक्क्यांनी असते, म्हणून तो खर्च वाढवतो अशी शंका असते. उपाय सोपा आहे: ठोक फी ठरवा, आणि तेच ड्रॉइंग पुढच्या शाखेला वापरताना कमी फी. हे लेखी असायलाच हवं, कारण ड्रॉइंगचा कॉपीराइट करारात वेगळं लिहिलं नसेल तर आर्किटेक्टकडेच राहतो. तुम्ही पैसे दिले म्हणून तिसऱ्या शाखेला ते आपोआप वापरता येत नाही. टर्नकीकडे अडचण वेगळी: बरेचदा ते नीट ड्रॉइंग देतच नाहीत, म्हणजे पुढची शाखाही त्यांच्याकडूनच करून घ्यावी लागते. आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे ‘आर्किटेक्ट’ हे नाव वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं. ‘इंटिरियर डिझायनर’ला अशी अट नाही, तेव्हा कार्डावर काय छापलंय ते वाचा.

माझ्या हिशेबात तिसरी वाटही आहे. भुसावळच्या शाखेला आर्किटेक्ट घ्या आणि त्याच्याकडून इमारतीपेक्षा एक वही करून घ्या: ओट्यांच्या उंची, हवेचा हिशोब, मोरीचे उतार, टेबलांची मापं, रंगांचे क्रमांक, पाटीचं अक्षर. पुढचे भाड्याचे गाळे त्या वहीवर टर्नकीकडून भरून घ्या, तीन कोटेशनं मागवून. एकाच वहीवर आलेले दर शेजारी ठेवून तपासता येतात, वेगवेगळ्या थ्रीडी चित्रांचे नाहीत. धुळ्याचा महामार्गावरचा प्लॉट या हिशेबात धरू नका. तिथे पुन्हा आर्किटेक्टच बोलवा, आणि इसार देण्याआधी माती तपासून घ्या.