सिम्युलेटरमधलं डीसी-३, आठ महिन्यांनंतर: सोव्हिएत ली-२ का पडत होती, ते कितपत कळतं

डीसी-३ या जुन्या दोन इंजिनांच्या अमेरिकन वाहतूक विमानाचं मॉडेल आज जवळपास प्रत्येक मोठ्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या प्रोग्रॅममध्ये, मिळतं. आठ महिने ते एकाच कामासाठी वापरलं. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत वाहतूक विमानांचे मार्ग हिवाळ्यात, त्यांच्याच वजनात आणि त्यांच्याच साधनांनिशी उडवायचे, आणि अपघाताचं एकेक कारण वेगळं काढून तपासायचं. दोन कंपन्यांची मॉडेलं वापरून पाहिली. या कामापुरता दोघांत फारसा फरक नाही, म्हणून नावं देत नाही. वजन, उंचीमापक आणि इंजिनाची थंडी शिकायला हे साधन फार चांगलं आहे. पंखांवरच्या बर्फासाठी बरं आहे. जमिनीवरच्या हिवाळ्यासाठी मात्र जवळजवळ निरुपयोगी.

आपल्याकडे डीसी-३ ची ओळख डाकोटा या नावाने, आणि डाकोटा म्हटलं की २७ ऑक्टोबर १९४७ ला सैन्य उतरवलेलं श्रीनगर आठवतं. ली-२ ही त्याच विमानाची रशियन बहीण. सोव्हिएत संघाने १९३६ साली डग्लस कंपनीकडून परवाना घेतला, अभियंता बोरिस लिसुनोव अमेरिकेत राहून सगळं शिकून आले, आणि मॉस्कोजवळ खिमकीच्या ८४ क्रमांकाच्या कारखान्यात पीएस-८४ या नावाने उत्पादन सुरू झालं. १९४१ च्या शरदात कारखाना ताश्कंदला हलवला आणि सप्टेंबर १९४२ मध्ये विमानाचं नाव ली-२ झालं. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. फरक इंजिनात आहे, आणि बरेचसे अपघात समजून घ्यायची किल्लीही तिथेच आहे. अमेरिकन सी-४७ ला, म्हणजे डीसी-३ च्या लष्करी रूपाला, १४ सिलिंडरची, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं. ली-२ ला ९ सिलिंडरची एम-६२आयआर, प्रत्येकी १,००० ची. म्हणजे सांगाडा जवळपास तोच, पण ताकद ४०० अश्वशक्तीने कमी. त्यात लष्करी ली-२ च्या पाठीवर मशीनगनचा घुमट बसवलेला, त्याचं वजन आणि हवेचा अडथळा वेगळाच. लेंड-लीज या अमेरिकेच्या युद्धकालीन मदत योजनेतून सुमारे ७०० सी-४७ नंतर मिळाली, पण १९४१-४२ चा सगळ्यात वाईट काळ निभावला तो पीएस-८४ नेच.

म्हणून मॉडेल हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे ताकद कापणं. थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पूर्ण पुढे नेला की मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या ४८ इंचांवर जातो आणि मिनिटाला २,७०० फेरे मिळतात, ते विसरायचं. ४२ इंच आणि २,५५० फेऱ्यांना सी-४७ चं इंजिन साधारण १,०५० अश्वशक्ती देतं. उड्डाणालासुद्धा ४०-४१ इंचांच्या वर जायचं नाही, म्हणजे आपण ली-२ च्या जवळ येतो. एकूण वजन १०,७०० किलो ठेवायचं. मॉडेलचं रिकामं वजन ली-२ पेक्षा जास्त असतं, त्यामुळे मालाचा आकडा न बघता एकूण आकडाच बघायचा.

हे केल्यावर लेनिनग्राडचा (आजचं सेंट पीटर्सबर्ग) हवाई पूल उडवून पाहा. सप्टेंबर १९४१ पासून मॉस्कोच्या नागरी विमानदलाचा खास गट तिखविन आणि ख्वोयनाया इथून लाडोगा सरोवरावरून वेढ्यातल्या शहरात अन्न नेत होता आणि परतताना माणसं बाहेर काढत होता. जायचं अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास. आजच्या पुल्कोवोवर उतरू नका, त्या वेळी तो भाग ऐन आघाडीवर होता. शहराच्या ईशान्येला रझेव्हका आहे, तिकडे उतरा. वजनाचा हिशेब असा बसतो: ली-२ रिकामी सुमारे ७,७०० किलो, पाच जणांचा चमू सामानासह ४५०, येऊन-जाऊन आणि एक तास राखीव धरून पेट्रोल अंदाजे ९०० किलो. उरतात १,६५० किलो. उपासमारीने खंगलेला माणूस ५५ किलोचा धरला तर बरोबर ३० माणसं. एक गाठोडं वाढलं, कपड्यांवर ओला बर्फ बसला, की मर्यादा ओलांडली. एकतिसावा माणूस धावपट्टीवर उभा असताना त्याला नाही म्हणायचं कोणी? या विमानांत क्षमतेपेक्षा जास्त भार का असायचा, ते कागदावरच्या या बेरजेतून जितकं समजतं तितकं वाचून समजत नाही.

आता याच वजनात उड्डाण करताच डावं इंजिन बंद पाडा. वेग ताशी १४० किलोमीटरच्या खाली असेल तर शेपटीचं सुकाणू (रडर) फिरवणारं पायाचं पेडल पूर्ण दाबूनही विमान सरळ राहत नाही, ते डावीकडे वळत वळत आडवं होतं. १५५ च्या वर असेल आणि प्रोपेलर लगेच फेदर केला, म्हणजे पाती वाऱ्याच्या दिशेने वळवून थांबवली, तर जेमतेम उंची टिकते. फेदर करायला उशीर झाला की फिरता प्रोपेलर ब्रेकसारखा लागतो आणि विमान खाली बसायला लागतं. वजन ११,३०० किलोवर नेऊन हाच प्रयोग केला तर दोन्ही मॉडेलांत दहापैकी दहा वेळा झाडांतच उतरावं लागलं. यासाठी पायाचे पेडल हवेतच. जॉयस्टिक पिळून रडर चालवणाऱ्याला यातलं काहीच नीट जाणवणार नाही, आणि मागचं चाक असलेलं विमान धावपट्टीवर गरकन का फिरतं तेही कळणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो उंचीमापकाला. ऑल्टिमीटर हे हवेचा दाब मोजणारं यंत्र आहे, उंची मोजणारं नव्हे. निघताना धावपट्टीवर काटा शून्यावर आणून उडायची पद्धत. लेनिनग्राड समुद्रसपाटीलगत, आणि लाडोगाचं पाणीही समुद्रापासून ५ मीटरच वर. शत्रूच्या लढाऊ विमानांना दिसू नये म्हणून सरोवरावरून अगदी पाण्यालगत उडायचं. वाटेत दाब पाऱ्याच्या ८ मिलिमीटरने उतरला, आणि वादळ जवळ असताना तेवढा उतरतोच, तर दर मिलिमीटरला साधारण ११ मीटर या हिशेबाने काटा ८८ मीटर जास्त दाखवतो. काट्यावर ५० ठेवून डोळे मिटून उडणारा माणूस केव्हाच बर्फात गेलेला असतो. म्हणजे नजर बाहेर हवी. आणि बाहेर गोठलेलं पांढरं सरोवर, वर पांढरं आकाश, मधे क्षितिजाची रेघसुद्धा नाही. सिम्युलेटरमध्ये ढगांचा तळ १५० मीटर, दृश्यता २ किलोमीटर आणि जमिनीवर बर्फ असं हवामान लावलं की हे हुबेहूब अनुभवाला येतं. बाह्य कॅमेरा आणि नकाशा बंद ठेवला तरच, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा धडा सैबेरियातला. १९४२ च्या शरदापासून अमेरिकेची लढाऊ विमानं अलास्काहून क्रास्नोयार्स्कला आणायचा जवळपास ६,५०० किलोमीटरचा मार्ग सुरू झाला: फेअरबँक्स, नोम, उएल्काल, सेयमचान, याकुत्स्क, किरेन्स्क, क्रास्नोयार्स्क. पाच रेजिमेंटनी पाच टप्पे वाटून घेतले होते. विमान पुढच्या टप्प्याला सोपवलं की वैमानिकांना परत आणायचं काम ली-२ आणि सी-४७ करायची. या मार्गावर सर्व प्रकारच्या विमानांत मिळून शंभराहून अधिक वैमानिक गेले.

सेयमचान ते याकुत्स्क हा साधारण १,२०० किलोमीटरचा टप्पा कडाक्याच्या थंडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ओयम्याकोनच्या प्रदेशातून जातो. हवा थंड असली की घट्ट होते आणि उंचीमापक खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. खालच्या ३,००० मीटरच्या थराचं सरासरी तापमान उणे ३५ असेल, तर काटा ३,००० दाखवत असताना विमान प्रत्यक्षात सुमारे २,५७० मीटरवर असतं. सुंतार-खायाता रांगेतलं मुस-खाया शिखर २,९५९ मीटरचं आहे. नकाशा हातात घेऊन, काटा बघून, कुठलीही चूक न करता उडणारा वैमानिक ढगात डोंगराला धडकतो, तो असा. हवामान लावताना एक काळजी घ्या. सैबेरियाच्या हिवाळ्यात जमिनीवर उणे ५० असताना हजार-दीड हजार मीटरवर उणे ३० असू शकतं. जमिनीचंच तापमान वरपर्यंत लावलं तर चूक खऱ्यापेक्षा मोठी येते. थर वेगवेगळे भरा. आणि तुमच्या सिम्युलेटरचा उंचीमापक थंडीचा हा फरक दाखवतो की नाही, ते उंची माहीत असलेल्या एखाद्या टेकडीवर आधी तपासा. दाखवत नसेल तर हा सगळा मार्ग खोट्या सुरक्षिततेत उडवाल.

इंजिनाच्या थंडीबद्दल मॉडेलं अर्धी खरी आहेत. कडाक्याच्या थंडीत इंजिनाचं तेल डांबरासारखं घट्ट होतं. त्यावर दोनच उपाय होते. एक म्हणजे उतरल्याबरोबर तेल गरम असतानाच काढून घ्यायचं आणि सकाळी तापवून परत ओतायचं. दुसरा, इंजिन बंद करण्याआधी तेलात थोडं पेट्रोल सोडायचं. सी-४७ मध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे आणि चांगल्या मॉडेलमध्ये ते चालतंही. तेलाचं तापमान ५० अंशांच्या खाली येऊ द्यायचं, इंजिन साधारण हजार फेऱ्यांवर ठेवायचं आणि थंडीच्या मानाने दोन ते चार मिनिटं बटण दाबून धरायचं. दुसऱ्या दिवशी उड्डाणाआधी इंजिन पुरेसं गरम करून ते पेट्रोल उडून जाऊ द्यावं लागतं. घाईत ते राहिलं तर पातळ तेल फेसाळून इंजिनाची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून बाहेर पडतं, दाब कोसळतो आणि इंजिन हवेतच निकामी होतं. मॉडेलमध्ये पातळ तेलाचा फायदा मिळतो, पण हा धोका मिळत नाही. त्यामुळे घाई केली तर काय होतं, ते हे साधन शिकवत नाही. खरं तर तेच शिकायचं असतं.

कार्ब्युरेटरचा बर्फ मात्र छान जमवलाय. नवशिक्यांचा समज असा की जितकी थंडी जास्त तितका धोका जास्त. खरा धोका उणे ५ ते अधिक १५ या दमट पट्ट्यात आहे, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचं लाडोगा. मॅनिफोल्ड प्रेशर हळूहळू उतरतं, थ्रॉटल थोडा पुढे केला की परत येतं, पुन्हा उतरतं. तिसऱ्यांदा थ्रॉटल पुढे करणारा बहुधा पाण्यात जातो. कार्ब्युरेटरला उष्ण हवा देणारा दांडा अर्धवट नाही, पुरेसा उघडायचा आणि कार्ब्युरेटरच्या हवेचं तापमान १० च्या वर ठेवायचं. उणे ३० मध्ये हवा इतकी कोरडी असते की दांडा बंद ठेवलेलाच बरा. अर्धवट उघडला तर उलट हवा नेमकी धोक्याच्या पट्ट्यात येते.

पंखांवरच्या बर्फाचं वजन मॉडेल नीट दाखवतं, बिघडलेला आकार कमी दाखवतं. प्रत्यक्षात विमान पडायचं ते आकार बिघडल्यामुळे. रात्रभर उघड्यावर उभ्या विमानाच्या पंखांवर बसलेल्या हिमाचा खरखरीत थर, जो चमूला झाडूने आणि दोरीने घासून काढावा लागायचा, तो इथे नाहीच. धावपट्टीवरचा भुसभुशीत बर्फ चाकं धरून ठेवतो, तोही नाही. थंड घट्ट हवेत पंखांना आणि इंजिनांना मिळणारा फायदा मात्र पूर्ण मिळतो. परिणामी सिम्युलेटरमधलं जानेवारीतलं उड्डाण ऑगस्टपेक्षा सोपं वाटतं, आणि ते चुकीचं आहे. सोव्हिएत महिला वैमानिक वालेन्तीना ग्रिझोदुबोवा यांच्या १०१ व्या रेजिमेंटच्या ली-२ पार्टिझनांसाठी, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला लढणाऱ्या गनिमांसाठी, रात्री माळरानावर, शेकोट्यांच्या खुणेवर उतरायच्या. तो प्रयोग इथे करून काही हाती लागत नाही, कारण जमीन नेहमी टणक आणि सपाट असते.

ऑटोपायलटही या निमित्ताने नीट शिकून घ्या. जायरोच्या (फिरत्या चाकावर चालणाऱ्या दिशादर्शक यंत्राच्या) खुणा जुळवल्याशिवाय तो लावला, किंवा ट्रिम (हाताचा जोर न लावता विमान सरळ ठेवणारी जुळणी) न जुळवता सोडला, तर विमान झटका देतं. १४ डिसेंबर १९४२ ला ताश्कंदजवळ पडलेलं एएनटी-२० बिस हे एकुलतं एक महाकाय विमान याच वाटेने गेलं. वैमानिकाने एका प्रवाशाला आपल्या जागेवर बसू दिलं, त्याच्या हातून ऑटोपायलट सुटला असं मानलं जातं, आणि ५०० मीटरवरून विमान नाकावर खाली आलं. ३६ च्या ३६ जण गेले. मॉडेलमध्ये ५०० मीटरवर हीच चूक करून पाहा. सावरायला किती सेकंद मिळतात ते मोजा.

नोंदवही ठेवणार असाल तर सोव्हिएत पद्धतीनेच ठेवा. माणूस दगावला तर ‘कतास्त्रोफा’, माणसं वाचली पण विमान कायमचं गेलं तर ‘अवारिया’, दुरुस्त होण्याजोगं असेल तर ‘पलोम्का’. सिम्युलेटर तिन्हींना एकच लाल पाटी दाखवतो, पण कारणं शोधताना हा फरक फार कामाला येतो. ‘पलोम्का’त बहुतेक उतरतानाच्या चुका सापडतात, ‘कतास्त्रोफा’त हवामान आणि डोंगर.

सुरुवात करायची असेल तर पहिलं उड्डाण असं लावा: रझेव्हकाहून ख्वोयनाया, नोव्हेंबरची दुपार, तापमान उणे २, दृश्यता ३ किलोमीटर, ढगांचा तळ २०० मीटर, वजन १०,७०० किलो, ४१ इंचांची मर्यादा, जीपीएस बंद. दिशादर्शक जायरो दर १५ मिनिटांनी कंपासशी जुळवून घ्या. आणि निघताना काटा शून्यावर आणलात तरी ख्वोयनायाची जंगलं सरोवरापेक्षा बरीच वर आहेत, ते लक्षात ठेवा.