क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा ईएमआय: सोय कामाची, पण हप्ता घरखर्चातूनच निघतो

कार्डाचं बिल फुगलं की ॲपमध्ये एक बटण दिसायला लागतं: 'ईएमआयमध्ये बदला'. नावं वेगवेगळी असली तरी जवळपास सगळ्या बँका ही सोय देतात. नाशिकमधल्या पगारदार घराला तिचा कितपत उपयोग होतो, हप्त्याचे पैसे कुठून निघतात आणि पाय कुठे घसरतो, एवढंच इथे तपासलं आहे. गुण आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. दीड गुण का कापला ते पुढे येईलच.

१ लाखाची थकबाकी धरू. महिन्याला साडेतीन टक्के व्याज हा कार्डांवरचा नेहमीचा दर, म्हणजे ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३०. झाले ४,१३०. किमान देय रक्कम बऱ्याच कार्डांवर पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ५,०००. ती भरली की मुद्दल कमी होतं फक्त ८७० रुपयांनी. कार्ड पुन्हा एकदाही न वापरता दोन वर्षं अशी किमान रक्कम भरत राहिलात, तर खिशातून सुमारे १ लाख ८ हजार ७०० गेलेले असतात आणि अजून ८१ हजार देणं शिल्लक असतं.

आता तीच १ लाखाची रक्कम वार्षिक १६ टक्के घटत्या शिलकीवर २४ महिन्यांच्या ईएमआयमध्ये टाका. हप्ता ४,८९६. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातलं व्याज १,३३३, त्यावर जीएसटी २४०. एकूण ५,१३६. किमान रकमेपेक्षा फक्त १३६ रुपये जास्त, आणि दोन वर्षांत पाटी कोरी. म्हणून ही सोय वाईट म्हणता येत नाही. महिनोन् महिने किमान रक्कम भरत बसणं हाच खरा महागडा व्यवहार आहे.

बटण दाबायची वेळ मात्र नीट साधावी लागते. स्टेटमेंट तयार झाल्यावर आणि देय तारखेच्या दोन-तीन दिवस आधी काम उरकलेलं बरं. स्क्रीनवरचा दर फ्लॅट (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) आहे की घटत्या शिलकीवर, ते आधी बघा. 'फक्त ९ टक्के' असं लिहिलेलं असेल आणि तो फ्लॅट असेल, तर २४ महिन्यांसाठी तो प्रत्यक्षात १६ टक्क्यांच्या वरच जातो. ओळखायची सोपी रीत: हप्ता गुणिले महिने करा, मुद्दल वजा करा, येईल ते व्याज. त्यात जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मिळवा. रोख काढलेली रक्कम आणि दागिन्यांची खरेदी यांचा ईएमआय सहसा होत नाही. तेवढा भाग त्याच महिन्यात रोख भरून मोकळं व्हायचं. तो मागे ठेवलात तर त्याच्यावर साडेतीन टक्के चालूच राहतात, शिवाय नव्या खरेदीला मिळणारे बिनव्याजी दिवसही जातात.

मुदत किती घ्यावी? २४ महिने घेतले तर व्याज, जीएसटी आणि एक टक्का फी मिळून सुमारे २१,८०० जादा जातात. १८ महिन्यांत हाच आकडा १६,७०० च्या आसपास येतो. १८ महिन्यांचा हप्ता पहिल्या जीएसटीसकट ६,५२६, म्हणजे २४ महिन्यांच्या हप्त्याहून १,३९० जास्त. १८ महिने घ्यायचे तर एवढे पैसे घरखर्चातून काढायचे आहेत. १२ महिन्यांचा हप्ता ९,३०० च्या पुढे जातो, आणि तिथे ओढाताण होऊन पुन्हा कार्ड बाहेर निघण्याचा धोका मोठा.

बहुतेक घरं काटकसर सुरू करतात ती भाजीपासून, आणि तिथेच चुकतात. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात संध्याकाळी उशिरा गेलं तर भाजी स्वस्त पडते हे खरं, पण कोथिंबिरीच्या जुडीवर हप्ता निघत नाही. कांद्याचं तसंच. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये घेऊन साठवायची आपल्याकडची रीत जुनी आणि शहाणपणाची. लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ टिकतो. पण फ्लॅटच्या बाल्कनीत ५० किलोची गोणी उभी केली की पहिल्या पावसातच खालचा थर सडतो आणि कुबट वास वरपर्यंत येतो. हवेशीर जागी जाळीवर पसरून, बटाट्यापासून लांब, १५-२० किलो ठेवा. त्याहून जास्तीचा सोस नको. किराण्याचं बिल ८ हजार असेल आणि रविवार कारंजा भागातून डाळ-तांदूळ-तेल एकदम आणून दहा टक्के सुटले, तरी ते आठशेच. हेही घ्याच, पण पोटभर आकडा दुसरीकडे आहे.

तो आहे गाडीत. पंचवटीहून अंबडला रोजचे जाऊन-येऊन २० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० किलोमीटर होतात. कार लिटरला १५ देत असेल तर ३३ लिटर लागतं, ४५ देणाऱ्या स्कूटरला ११. लिटरला शंभरच रुपये धरा, २,२०० सुटले. हप्त्यातला १,३९० चा फरक एकट्या ह्या बदलातून निघाला आणि वर आठशे उरले. कंपनीची बस किंवा सिटीलिंक ही शहर बस रस्त्यात पडत असेल तर आणखी बरं, फक्त शिफ्टच्या वेळेशी बस जुळते का ते आठवडाभर तपासून मगच पास काढा.

दुसरा आकडा रविवारचा. चौघांनी मिसळीला बाहेर जायचं, वर ताक, जिलेबी: पाचशे सहज उडतात, महिन्याचे दोन हजार. मिसळ सोडा असं नाशिककराला कोण सांगणार! महिन्यातून एकदा मळ्यातली मिसळ, बाकी तीन रविवारी घरी मोड आलेली मटकी आणि वेगळा रस्सा. पावाला आणि फरसाणाला हात आखडू नका, नाहीतर पोरं दुसऱ्याच रविवारी बंड करतात.

विजेत एक साधी गोष्ट. २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं, म्हणजे महिन्याला ३०. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्याच्या दराने लागतं, त्यामुळे ही ३० युनिटं सहसा महागातलीच असतात. घरात पाइपचा गॅस असेल तर अंघोळीचं पाणी त्यावर तापवणं साधारणपणे स्वस्त पडतं.

आता कापलेले दीड गुण. ईएमआय सुरू झाला की संपूर्ण हप्ता किमान देय रकमेत मिळवला जातो, आणि ऑटोपे 'किमान देय' वर ठेवलेला असेल तर हप्ता जातो पण महिन्याची नवी खरेदी मागे राहते. मग तिच्यावर पुन्हा महिन्याला साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांचं चक्र. ऑटोपे 'एकूण देय' वर बदला, आणि जमलं तर कार्ड ॲपमधून ऑनलाइन खरेदीसाठी बंदच करून ठेवा. ईएमआय केला म्हणून लिमिट लगेच मोकळं होत नाही, मुद्दल फिटेल तसं होतं.

दुसरी खोच मुदतीआधी बंद करण्याची. १८ महिन्यांच्या ईएमआयचे १२ हप्ते झाले आणि दिवाळीचा बोनस आला, तेव्हा शिल्लक मुद्दल सुमारे ३६,०००. एकदम भरलं तर पुढचं व्याज आणि जीएसटी मिळून २,००० वाचतात, पण तीन टक्के फोरक्लोजर फी (मुदतीआधी बंद करण्याचा आकार) आणि त्यावरचा जीएसटी १,२७५ घेऊन जातो. हाती लागतात सव्वासातशे. त्यापेक्षा बोनस खात्यात राहू द्या. दवाखाना किंवा गाडीचं काम निघालं तर पुन्हा कार्ड घासावं लागत नाही.

'लोन ऑन कार्ड' नावाचा भाऊबंद याच स्क्रीनवर शेजारी बसलेला असतो. त्यात जुनं देणं फिटत नाही, नवी रोख रक्कम खात्यात येते. घाईत तेच बटण दाबलं जाण्याची शक्यता बरीच.

पर्यायही आहेत. त्याच १६ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज मिळालं तर व्याजावरचा जीएसटी नसतो, १८ महिन्यांत सुमारे २,३५० वाचतात. मात्र त्याची प्रोसेसिंग फी जास्त असेल तर हा फायदा तिथेच संपतो. पतसंस्थेत सभासदत्व आणि जामीनदार लागतो. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त, फक्त व्याज दर महिन्याला भरत राहायचं. 'सेटलमेंट करा, अर्ध्यात मिटवू' असा फोन आला तर भुलू नका. क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तोच आडवा येतो.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चुकीचं व्याज लागलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, माहितीसाठी क्रमांक १४४४८. शेवटचा हप्ता गेला की कोणतंही देणं शिल्लक नसल्याचं पत्र मागून घ्या आणि कार्ड नको असेल तर बंद करायचा अर्ज त्याच दिवशी द्या. देणं शून्य असेल तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर केला तर बँकेलाच दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात, त्यामुळे अर्जाची पोच जपून ठेवा.