१४५६७ वर फोन केला तेव्हा: एल्डरलाइनचा माझा अनुभव

एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठीची मदतीची फोनसेवा, नंबर १४५६७. फोन मोफत, सकाळी ८ ते रात्री ८, रविवारीसुद्धा. माझ्याकडून पाचपैकी पाच तारे. हे सविस्तर लिहितेय कारण हा नंबर आमच्या आळीत कुणालाच माहीत नव्हता, मलाही नव्हता.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी १२ वर्षं घरगुती डबे देते. त्यातला एक मागच्या आळीतल्या आजींचा. वय ८१, यजमान शाळेत मास्तर होते, मूलबाळ नाही. यजमानांमागची पेन्शन येते, त्यातून डब्याचे पैसे दर महिन्याला स्वतः मोजून द्यायच्या. कवळी बसत नाही म्हणून रोज मऊ भात, पातळ वरण, घोटलेली भाजी. डबा रिकामा परत करायचा नाही हा त्यांचा नेम. धुतलेल्या डब्यात चिमूटभर साखर तरी असायचीच.

दिवाळीनंतर पुतण्या राहायला आला. थोड्या दिवसांनी त्याचा निरोप: ‘उद्यापासून भाकरी आणि ठेचा द्या, मऊ खाऊन आजी कंटाळलीय.’ तोंडात दात नाही त्या बाईला ठेचा? डबाही खरकटाच परत यायला लागला. चार दिवस मी गप्प बसले, दुसऱ्याच्या घरात कशाला पडायचं म्हणून. त्या चार दिवसांची बोचणी अजून जात नाही.

पाचव्या दिवशी डबा घेऊन मीच गेले. दाराला बाहेरून कडी. आत आजी खाटेवर, ओठ सुकलेले, पाण्याचा तांब्या हात पोचणार नाही इतका लांब. म्हणाल्या, ‘कुणाला बोलू नकोस गं. घरातलंच माणूस आहे.’ पासबुक आणि एटीएम कार्ड त्याच्याकडे. घर आदल्या वर्षीच बक्षीसपत्र करून त्याला दिलेलं.

नंबर दिला आमच्या आशाताईंनी. केंद्र सरकारची ही सेवा १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर सुरू आहे म्हणे. फोनवर सगळं बोलणं मराठीत झालं. मला वाटलं होतं, आधी माझीच उलटतपासणी होईल, तुम्ही त्यांच्या कोण, तुमचा काय संबंध. तसं काही झालं नाही. आजींच्या जिवाला आत्ता धोका आहे का, अन्नपाणी पोटात जातंय का, हे आधी विचारलं. मग विचारलं, ‘त्यांना स्वतःला काय हवंय? तुम्ही विचारलंत का?’ मी विचारलंच नव्हतं. पोलीस आणायचे, पुतण्याला हाकलायचं, हे सगळं माझं मीच ठरवून बसले होते.

एल्डरलाइनचा माणूस आजींच्या घरी आला. पुतण्याशी आवाज न चढवता त्याला ओट्यावर थांबायला सांगितलं आणि आजींजवळ एकटाच बसला, चांगला तासभर. ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटली. पुतण्या समोर असता तर आजींनी ‘सगळं बरं आहे’ एवढंच म्हटलं असतं. त्यांना त्याला तुरुंगात धाडायचं नव्हतं. पासबुक परत हवं होतं, दाराची कडी आतून लावता यायला हवी होती, आणि वरणभात हवा होता.

मग एल्डरलाइनच्या माणसाने बक्षीसपत्र मागून वाचलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडचं न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकतं. पण ती अट असायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलंय. आजींच्या कागदात ती होती, मास्तरांच्या जुन्या मित्राने आग्रहाने घालायला लावलेली. सर्वोच्च न्यायालयाच्याच जानेवारी २०२५ च्या निकालानंतर घराचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं. अर्जाला वकील लागत नाही. आजींना जमत नसेल तर त्यांनी नेमलेला माणूस किंवा संस्था त्यांच्या वतीने अर्ज करू शकते. मी नेमलेली आहे.

त्रास झाला तो बँकेत. कोणती ते लिहीत नाही. कार्ड बंद करायला आजींना रिक्षातून नेलं, तर खिडकीवरचा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, ‘पुतण्यालाच पाठवा, आजींना काय कळतंय.’ खातं आजींचं, सही आजींची, आणि त्या समोर उभ्या! दोन खेपा झाल्या तेव्हा काम झालं.

फोन करणार असाल तर पूर्ण पत्ता, वय, आजारपण आणि घरात कोण कोण राहतं हे जवळ लिहून ठेवा. रात्री ८ नंतर काही घडलं, मारहाण झाली, तर थेट ११२.

पासबुक त्याच आठवड्यात परत मिळालं. पुतण्या अजून पुढच्या खोलीत राहतो, घराच्या अर्जाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बाहेरची कडी सुताराकडून काढून घेतली. आजींचा डबा आता मी कुणाच्या हाती देत नाही. साडेबाराला स्वतः जाते, वरणभात कालवून देते आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तिथंच बसते.