भाड्याच्या फ्लॅटमधलं कार्पेट: १२०० ग्रॅममध्ये सूत किती, खडू किती

बडोद्याच्या निझामपुऱ्यात पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, भाडेकरू युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलं. मालकांनी १० बाय १२च्या दोन खोल्यांना कार्पेट घालून घेतलं. दुकानदार म्हणाला, "काका, शुद्ध नायलॉन आहे, १२०० जीएसएम. हॉटेलात हेच जातं. दहा वर्षं बघायला नको." भाव ५५ रुपये चौरस फूट. एक पावसाळा सरला आणि दारापासून पलंगापर्यंत चपटी, चकचकीत वाट पडली. खिडकीजवळ इस्त्रीच्या आकाराचा कडक डाग दिसायला लागला. कडा उचलून पाहिली तर लादीवर पांढरी भुकटी. मालकांनी थेट मुलांच्या डिपॉझिटला हात घातला. खरं तर मुलांचा दोष इस्त्रीपुरता होता, आणि तोही अर्धाच.

दुकानदाराने सांगितलेला १२०० हा आकडा खोटा नव्हता. लबाडी तो आकडा कशाचा आहे हे न सांगण्यात होती.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. टफ्टेड, म्हणजे कापडात सुयांनी सूत टोचून बनवलेल्या, कार्पेटमध्ये वरची लव, ती ज्यात टोचलेली असते ते विणलेलं प्लॅस्टिकचं कापड, त्याखाली लेटेक्सचा, म्हणजे रबरी चिकटाचा थर आणि सगळ्यात खाली दुसरं कापड असे चार भाग असतात. त्या लेटेक्समध्ये खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेली असते. ती सगळेच मिसळतात, चांगल्या मालातही असते, म्हणून खडू दिसला की फसवणूकच झाली असं समजू नका. पायाखाली झिजते ती फक्त लव. टिकाऊपणा ठरतो लवेच्या वजनावर, आणि दुकानात सांगतात ते चारही थरांचं मिळून वजन. या फ्लॅटमधल्या कार्पेटची लव ३८० ग्रॅमच्या आसपास निघाली. उरलेलं वजन कापडांचं आणि खडू घातलेल्या लेटेक्सचं.

हे घरी तपासता येतं. नमुन्यातून बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर, नाहीतर स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तो तोला. जे ग्रॅम येतील त्याला १००ने गुणलं की एकूण जीएसएम. आता नव्या ब्लेडने लव मुळापासून तासून घ्या, ती वेगळी तोला आणि पुन्हा १००ने गुणा. कापडात रुतलेली बुडं या मापात येत नाहीत, त्यामुळे लवेचं खरं वजन थोडं जास्त असतं. पण १२ ग्रॅमच्या तुकड्यातून जेमतेम ४ ग्रॅम सूत निघालं तर बुडांच्या हिशेबाने एवढा फरक भरून निघत नाही. तुकडा उलटा दुमडून करकचून दाबूनही बघा. तडकण्याचा आवाज आला आणि पांढरी पूड सांडली तर लेटेक्स कमी आणि खडू फार. असं कार्पेट पावसाळी दमटपणात आणि रोजच्या ओल्या फडक्याखाली पाठीकडून सुटत जातं. मग सूत धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

दुसरी थाप सुताची. 'नायलॉन' सांगून पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे स्वस्त प्लॅस्टिकचं सूत, देणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पाण्याला मात्र कळतो. लवेचे चार-पाच धागे उपसा, पिळ सोडवून मोकळे करा आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बोटांनी चोळून सोडा. साबण नसला तर अडकलेल्या हवेमुळे कुठलाही धागा तरंगतो. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, म्हणून ते वर येतं. नायलॉन १.१४ आणि पॉलिएस्टर १.३८, ही दोन्ही बुडतात. जाळून पाहायचं असेल तर चिमट्यात धरून, मोरीत. पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो, लोकरीला जळक्या केसांचा.

इस्त्रीच्या डागाचं कारणही यातच आहे: त्या फ्लॅटमधलं सूत पॉलिप्रॉपिलीन होतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांला वितळतं. सुती कपड्यांवर लावलेली इस्त्री २००च्या आसपास असते. मुलं जमिनीवर चादर टाकून इस्त्री करतात हे सगळ्या घरमालकांना ठाऊक आहे. नायलॉन ६चा वितळबिंदू २२० अंशांच्या आसपास, त्यामुळे ते निदान एवढ्यावर वितळलं नसतं. चपटी वाट पडली त्याचंही कारण हेच सूत: पॉलिप्रॉपिलीन दबलं की नायलॉनसारखं पुन्हा उभं राहत नाही. जड कपाट ओढलं तर घासल्याच्या उष्णतेनेही त्यावर चकाकणारी रेघ उठते.

तरीही विद्यार्थ्यांना द्यायच्या खोलीत पॉलिप्रॉपिलीन वाईट नाही, हे सांगायलाच हवं. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्येच रंग घालून सूत काढलेलं असतं, त्यामुळे हळद, चहा आणि ब्लीच त्याला फारसं काही करू शकत नाहीत. नायलॉनवर डाळ सांडली की पिवळा डाग कायमचा. फक्त लूप, म्हणजे न कापलेल्या वेटोळ्यांची लव घ्या, कापलेली नको. लूप आखूड असावं, ३ ते ५ मिलिमीटर, आणि दाट: दुमडल्यावर ओळींमधून खालचं कापड दिसता कामा नये. रंग करडा किंवा मिश्र. आणि किंमत पॉलिप्रॉपिलीनचीच द्या.

याहून खालची पायरी म्हणजे नीडलपंच. हा दाबून बनवलेला नमद्यासारखा पट्टा. लग्नाच्या मांडवात अंथरतात तो. वरून थोडी लव उचलून, मागे लेटेक्स फासून तो टफ्टेडच्या भावात खपवतात. सुईने एक धागा ओढून बघा. टफ्टेडमधून अख्खी वेटोळी ओळीने निघते, नीडलपंचमधून नुसता कापूस. दुसरी खूण बिलावर असते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही: एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा जीएसटीचा आकडा. ५७०३ म्हणजे टफ्टेड, ५७०४ म्हणजे नमदा प्रकार, ५७०२ विणलेलं, ३९१८ प्लॅस्टिकचं. तोंडी 'टफ्टेड' आणि बिलात ५७०४, असं आढळलं तर पुरावा दुकानदारानेच लिहून दिलेला असतो. म्हणून पक्कं बिल घ्या. 'जीएसटीशिवाय स्वस्त पडेल' हे आमिष बहुतेक वेळा याचसाठी असतं.

बडोद्यात पीव्हीसी शीटलाही सर्रास कार्पेटच म्हणतात, तेव्हा त्याचंही सांगून टाकतो. तिथे एकूण जाडीला काही अर्थ नाही. छापील नक्षीवरचा पारदर्शक थर किती, हे विचारा. हा थर 'मिल'मध्ये सांगतात. १ मिल म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, मिलिमीटर नव्हे. १२ मिल म्हणजे जेमतेम ०.३ मिलिमीटर, आणि भाड्याच्या घरात त्याहून कमी घेऊ नये. दीड मिलिमीटर जाड पण वरचा थर नावापुरता असलेली शीट खुर्चीच्या पायांखाली वर्षभरात पांढरी पडते.

आता मापाकडे, कारण निझामपुऱ्यातले रोख पैसे इथेही गेले. रोल २ मीटरचा, म्हणजे ६.५६ फूट रुंद. १० बाय १२च्या खोलीत पट्टे लांबीच्या दिशेने टाकले तर १२ फुटांचे दोन लागतात: १५७ चौरस फूट. आडवे टाकले तर १० फुटांचे दोन, १३१ चौरस फूट. दोन्हीत जोड एकच. बिल झालं १५७चं. ५५ रुपयांनी एका खोलीत १,४३० रुपये जास्त, दोन खोल्यांत २,८६०. वर कातरणही फिटरच घेऊन गेला. ते कातरण तुम्ही पैसे मोजलेलं असतं आणि इस्त्रीचा डाग कापून ठिगळ लावायला तेच लागतं, तेव्हा सोडू नका. १२ फूट रुंदीचा रोल मिळाला तर या खोलीत जोडही नाही आणि कातरणही नाही. भाव चौरस फुटाचा, चौरस वाराचा की चौरस मीटरचा, हेही लिहून घ्या. वार म्हणजे ९ चौरस फूट, मीटर म्हणजे १०.७६.

फिटिंगच्या वेळी तिथे हजर राहा. अंडरले, म्हणजे कार्पेटखालची गादी, फक्त भिंतींच्या कडेने आणि दाराशी टाकायचा, मधला भाग रिकामा सोडायचा, ही जुनी युक्ती आहे. कार्पेट पसरण्याआधी फोटो काढा. पूर्ण लादीला रबराचं सोल्युशन फासू देऊ नका. उद्या कार्पेट काढायची वेळ आली की कोटा किंवा टाइलवरून ते खरवडण्याची मजुरी कार्पेटच्या वरताण होते. लहान खोलीला कडेने आणि जोडाखाली दुहेरी टेप पुरते.

त्याआधी लादीची ओल बघा. ४५ बाय ४५ सेंटिमीटरचं प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून निदान १६ तास ठेवायचं. खाली दव धरलं तर तिथे कार्पेट नको. आणि ज्या सोसायट्यांत विश्वामित्रीचं पाणी २०१९च्या जुलैअखेरीस किंवा २०२४च्या ऑगस्टमध्ये शिरलं, तिथे तळमजल्यावर कार्पेटचा विचारही करू नये. दोन शतरंज्या टाका, पाणी आलं की गुंडाळून माळ्यावर.

थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर ५० बाय ५० सेंटिमीटरचे कार्पेट टाइल घ्या. बहुतेक पेट्यांत २० नग असतात. १० बाय १२ला मधोमध आखून दोन्ही कडांना सारखे तुकडे ठेवले तर ५६ लागतात, ३ पेट्यांत ४ शिल्लक राहतात. जळला तो एक उचलायचा, नवा ठेवायचा. भिंतीपासून सुरुवात करू नका. पलीकडच्या कडेला ५ सेंटिमीटरची पट्टी उरते आणि ती पहिल्याच आठवड्यात निघते.

'दहा वर्षांची वॉरंटी' वाचून बघा. बहुधा ती फक्त सूत झिजून नाहीसं होण्यासाठी असते. दबणं, डाग आणि जोड सुटणं त्यात येत नाही, आणि अनेकदा घर भाड्याने दिलं की सगळीच रद्द होते. त्यापेक्षा बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: सुताचं नाव, लवेचं जीएसएम, एचएसएन आणि रोलची रुंदी. ज्या रोलमधून माल येणार त्याचाच एक तुकडा, मागे दुकानाचा शिक्का आणि तारीख घालून, तुमच्याकडे ठेवा. नमुना एका रोलचा आणि माल दुसऱ्याचा, ही फसवणूक त्याशिवाय सिद्ध होत नाही.

फसलाच असाल तर आधी दुकानाला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची. मात्र घर भाड्याने देण्यासाठी घेतलेला माल 'व्यापारी हेतूचा' आहे, असा बचाव समोरून होऊ शकतो. म्हणून बिल स्वतःच्या नावावर घ्या, फर्मच्या नाही, आणि घरभाड्यावरच तुमची गुजराण चालत असेल तर ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. सोबत शिक्क्याचा नमुना, बसवलेल्या मालातून कापलेला १० सेंटिमीटरचा तुकडा आणि दोन्हींच्या वजनाची नोंद जोडा.