"मेंटेनन्स काहीच नाही सर" आणि माझे ७२ हजार

थोडं लांबलचक होणारे, पण घरी समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, लावायचा विचार करत असाल तर वाचाच. ज्याने फसवलं त्याचं नाव घेत नाहीये, वकील मित्राने घेऊ नको म्हणून सांगितलंय, आणि तसंही एकाचं नाव घेऊन काय होणार, हीच भाषा बोलणारे दहा तरी असतील.

आम्ही ठाण्यात राहतो, घोडबंदर रोडला. आधी पाच-सहा वर्षं गोड्या पाण्याचा टँक होता, गप्पी, टेट्रा, एक म्हातारा प्लेको, त्यामुळे मासे मला नवीन नव्हते आणि तोच घोळ झाला, आपल्याला कळतं असं वाटायचं. मुलगी सहा वर्षांची, तिला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश हवे होते. रीळ बघता बघता एक पेज लागलं, निळ्या लाइटखाली डोलणारं कोरल (प्रवाळ) आणि वर लिहिलेलं, झीरो वॉटर चेंज, इकोसिस्टम टँक, महिन्यातून फक्त दहा मिनिटं. आमच्या घरी दोघं नोकरीवाले, आम्हाला दुसरं काय हवं होतं.

माणूस घरी आला, पस्तिशीचा असेल, बोलायला एकदम गोड, आईच्या पाया पडला. दोन बाय दीड बाय दीड फुटाचा टँक, म्हणजे साधारण १२० लिटर, लाइट, पंप, दगड, मीठ, मासे, कोरल, सगळं मिळून ७२ हजार. निम्मे आधी, निम्मे सेटअपच्या दिवशी. बिल मागितलं तर म्हणे सर बिल हवं तर १८ टक्के वर लागतील, उगाच कशाला. मी म्हटलं राहू दे. हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दोन पोरं घेऊन आला आणि संध्याकाळी पाचपर्यंत टँक तयार, आत मासेसुद्धा. मी विचारलं अरे सायकल वगैरे करावी लागते ना, म्हणजे मासे टाकायच्या आधी टँक मुरू द्यायचा, गोड्या पाण्यातसुद्धा करतो आपण, तर खिशातून एक बिनलेबलची बाटली काढली, त्यात म्हणे जिवंत बॅक्टेरिया, सहा आठवड्यांचं काम सहा तासांत. ओतली. वास मात्र आमच्या कुंड्यांना घालायच्या खताच्या पाण्यासारखा.

टँकमध्ये काय काय होतं ते सांगतो कारण प्रत्येकात एकेक फसवणूक होती. दोन क्लाउन. एक छोटा ब्लू टँग. एक मँडरिन, तो निळ्या-हिरव्या नक्षीचा मासा, बघितला की पैठणीची आठवण येते. एक लिंबासारखं पिवळंजर्द अॅनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव. आणि एक हॅमर कोरल, टोकं हातोड्यासारखी, तेच सगळ्यात महाग.

चौथ्या दिवशी टँग मेला. फोन केला तर म्हणे ट्रान्सपोर्टचा स्ट्रेस असतो सर, एखाद-दुसरा जातो. खरी गोष्ट अशी की नव्या पाण्यात माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया दगडांवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा विषात पोहत असतो. क्लाउन चिवट म्हणून तगले. आणि टँग तसाही वाढून वीत-दीड वीत होणारा मासा, त्याला पाच-सहा फुटी टँक लागतो, माझ्या टँकमध्ये तो जगला असता तरी जगायला नको होता.

मँडरिनचं मात्र मला अजून वाईट वाटतं. विकताना म्हणाला होता, सर ह्याला खायला घालायचीच गरज नाही, दगडावरचं टिपून खातो, झीरो मेंटेनन्स. अर्धं खरं आहे बघा, म्हणून तर गळाला लागतो आपण. तो दगडावरचे कोपेपॉड खातो, खसखशीपेक्षा बारीक जीव, दिवसभर एकेक टिपत असतो. पण ते कोपेपॉड मुरलेल्या, जुन्या टँकमध्ये असतात, माझे दगड आठवड्याचे होते आणि त्यावर काहीसुद्धा नव्हतं. तो रोज दगडावर चोच मारल्यासारखं करायचा आणि मुलगी म्हणायची बाबा बघ जेवतोय. पाचव्या आठवड्यात त्याचं पोट आत गेलं, डोक्यामागे खळगा पडला, आणि एका सकाळी पंपाच्या जाळीला चिकटलेला दिसला. पाच आठवडे आमच्या डोळ्यांसमोर उपाशी होता तो. मुलीला मी म्हातारा झाला होता म्हणून सांगितलं.

अॅनिमोनचा किस्सा वेगळाच. दोन आठवडे झाले आणि पिवळा रंग फिका होत चालला, तिसऱ्या आठवड्यात पांढरंफटक, काचेसारखं. तो म्हणाला लाइट कमी पडतोय, दुसरा लाइट घ्या, ९ हजार. घेतला मी! नंतर कळलं की आतलं शेवाळ मेलेलं, पांढरं पडलेलं स्वस्तातलं अॅनिमोन रंगाच्या पाण्यात बुडवून विकतात, मटारला हिरवा रंग लावतात ना तसंच. अॅनिमोनचं बरंचसं पोट त्या आतल्या शेवाळावर भरतं, ते गेलं म्हणजे वरून पिवळा रंग असला काय नि नसला काय. तुम्हाला कोणी भडक एकरंगी पिवळं, जांभळं, गुलाबी अॅनिमोन दाखवलं तर टोकांपासून बुडख्यापर्यंत सगळीकडे एकच रंग आहे का ते बघा, बुडखासुद्धा तसाच पिवळा असेल तर तिथून निघा.

आता मीठ.

एका नावाजलेल्या परदेशी कंपनीची निळी बादली आणली होती त्याने, २० किलोची, ९ हजार, ७२ मध्येच धरलेली. बादली खरी होती. आत साध्या प्लास्टिकच्या पिशवीत पांढरं मीठ, पिशवीवर काहीच छापलेलं नाही. पाण्यात घालून रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) माझ्या डोळ्याला लावला, बघा सर १.०२५, परफेक्ट. आणि आकडा बरोबरच होता. पण रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात क्षार किती विरघळलेत एवढंच सांगतो, कुठले विरघळलेत ते सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या मिठाचंसुद्धा १.०२५ येईल. वर सांगून गेला की पाणी आटलं की मिठाचंच पाणी टाकत जा. पाणी वाफेने जातं, मीठ टँकमध्येच राहतं, त्यामुळे वरून फक्त साधं आरओचं पाणी घालायचं असतं हे आठवीतल्या पोराला कळेल, मला सहा आठवडे कळलं नाही. मार्चमध्ये मोजलं तर १.०३१.

हॅमर मिटायला लागलं तेव्हा पहिल्यांदा मी त्याला फोन न करता क्रॉफर्ड मार्केटला गेलो. तिथे एका जुन्या दुकानदाराने (भला माणूस, काही विकायचा आग्रह नाही) विचारलं कॅल्शियम किती, अल्कलिनिटी किती? मी म्हटलं सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, तेवढा माहितीये. तो नुसता हसला. टेस्ट किट घेऊन घरी आलो. त्यात सिरिंजने थेंब थेंब टाकायचा असतो, गुलाबीचं निळं झालं की थांबायचं आणि आकडा वाचायचा. कॅल्शियम ४२० च्या आसपास पाहिजे. माझं सिरिंज जेमतेम हलवली तोवर निळं, १०० च्या आत. परत केली, तेच. अल्कलिनिटी ८-९ हवी, आली ३. कोरल आपला सांगाडा ह्याच दोन गोष्टींतून बांधतं, म्हणजे मी गवंड्याला विटाही दिल्या नव्हत्या आणि सिमेंटही नाही.

त्याच आठवड्यात आतोबा आले होते, पेणचे, त्यांच्या लहानपणी घराण्याची मिठागरं होती. मी बादली दाखवत कर्मकहाणी सांगत होतो तर त्यांनी चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "अरे हे आगराचं जाडं मीठ आहे, गिरणीतून काढलेलं. खडा बघ, तुटलेला आहे. आणि कडवटपणा बघ मागाहून येतो." मग बादलीची किंमत विचारली. मी सांगितली. आतोबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग आईला म्हणाले, वहिनी चहा टाका.

पैसे परत मागितले तेव्हा खरा सापळा समजला मला. आधी त्याने फोन उचलले नाहीत, मग मी मेसेज टाकला की ग्राहक मंचात जातो, तर दहा मिनिटांत व्हॉइस नोट. गोड आवाज तसाच. "सर करा ना कम्प्लेंट. तुमच्याकडे बिल नाही. आणि तो हॅमर आहे ना, शेड्यूल वन आहे, तुमच्या हॉलमध्ये आहे, माझ्या नाही. आधी आत कोण जाईल ते बघा."

मी रात्रभर झोपलो नाही. कारण हे खरं आहे! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये दगडासारखा सांगाडा करणारी सगळी हार्ड कोरल आहेत, २००१ पासून आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शेड्यूल १ च्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार दंड. पकडणं, विकणं, विकत घेणं, सगळं आलं त्यात. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, दुकानात मिळतं म्हणजे चालत असेल असं धरून चाललो होतो. त्याला मात्र पक्कं माहीत होतं आणि माझा अंदाज असा की तो ते कोरल मुद्दाम प्रत्येक टँकमध्ये टाकतो. म्हणजे गिऱ्हाईक ओरडायच्या आधीच त्याच्या तोंडात बोळा.

शिवाय त्याने चॅटवर २४ तासांत मेसेज उडायची सेटिंग पहिल्या दिवसापासून लावून ठेवलेली, मला वाटलेलं काहीतरी प्रायव्हसीचं असेल. ती व्हॉइस नोट हाती राहिली ती बायकोमुळे, तिने माझ्या फोनवर लावून स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड केली आणि चॅटचे फोटो काढले, मी नुसता घाम पुसत बसलो होतो.

बिल्डिंगमधला एक मित्र वकील आहे. त्याने सांगितलं लपवू नकोस आणि कचऱ्यात तर अजिबात टाकू नकोस, मेलेलं कोरलसुद्धा कोरलच. त्याने अर्ज लिहून दिला, कधी, कोणाकडून, किती पैसे, सोबत यूपीआयचे स्क्रीनशॉट, आणि आम्ही स्वतःहून वन विभागाला कळवलं, त्यांची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तोवर हॅमरचा पांढरा सांगाडाच उरला होता. माणसं आली, पंचनामा केला, माझा जबाब घेतला, सांगाडा घेऊन गेली. आई दार लावून आत बसली होती, शेजारी काय म्हणतील म्हणून. माझ्यावर पुढे काही आलं नाही, पण प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही, आधी वकील गाठा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली, वकिलाची नोटीस गेली, त्यानंतर त्याने गुपचूप १५ हजार परत पाठवले, खाली लिहिलेलं फुल अँड फायनल. बाकीच्यासाठी भांडण चालू आहे.

टँक अजून आहे. कोरल नाही, अॅनिमोन नाही, सुके दगड आणि ते दोन क्लाउन, मासे तर निर्दोष आहेत. ते जाळ्यातून आणलेले की कुठे पैदास केलेले हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं, खरं तर क्लाउनची पैदास आपल्याकडे होते, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) तमिळनाडूत मंडपमला तेच काम केलंय, तेव्हा तुम्ही घ्याल तेव्हा विचारा. आणि लो मेंटेनन्सचं म्हणाल तर माझा आठवड्याचा हिशोब सांगतो: रोज सव्वा ते दीड लिटर साधं पाणी वरून, ते पण घरच्या आरओचं नाही कारण आमचा आरओ मिनरल परत घालतो, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६० येतो आणि शेवाळाची शेती होते, उरलेले क्षार काढणारा वेगळा डीआय फिल्टर लावून शून्य करावा लागतो. रविवारी १२ लिटर पाणी बदलायचं, आदल्या रात्री मीठ कालवून पंप लावून ठेवायचं. काच पुसायची. टेस्ट. एप्रिलमध्ये पाणी ३२ डिग्रीला गेलं, पंख्याने दोन-तीन डिग्री उतरतं पण त्याने पाणी अजून आटतं, शेवटी सेकंडहँड चिलर घेतला तेव्हा २६ ला थांबलं, आणि त्याचं वीजबिल मी बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही. तो माणूस म्हणाला होता मुंबईत चिलर कोण लावतं सर.

त्याच्या पेजवर परवा बायकोला आमच्या हॉलचा फोटो दिसला, हॅपी क्लायंट, ठाणे. काचेत आमच्या देव्हाऱ्याचा दिवा पण दिसतोय. मी खाली लिहिलं हा माझा टँक आहे आणि ह्यातले निम्मे जीव मेलेत, पाच मिनिटांत ब्लॉक.

बादलीतलं मीठ दहा-बारा किलो उरलं होतं, ते आतोबा परत आले तेव्हा पेणला घेऊन गेले, माडांच्या बुंध्याला घालायला. फोनवर सांगत होते, ह्या वर्षी मीठ जरा महागाचं पडलं म्हणून.