कादंबरी की पटकथा? खानदेशात राहून लिहिणाऱ्यांसाठी

रावेरच्या केळीबागेत राबणाऱ्या मजुराच्या मनातली धास्ती कादंबरीत दोन पानं सहज चालते. पटकथेत ती दिसावी किंवा ऐकू यावी लागते: घड उतरवताना थरथरणारा हात, वाजूनही न उचललेला फोन. ‘त्याला वाईट वाटलं’ हे वाक्य कॅमेऱ्याला निरुपयोगी आहे, आणि कादंबरीकडून पटकथेकडे वळणारे बहुतेक इथेच अडकतात. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट, त्यामुळे दोन तासांना १२० पानांची चौकट पडते. कादंबरीला ती नाही.

अहिराणी संवादांना सिनेमात नटाचा चेहरा आणि उपशीर्षकं सावरून घेतात. कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं, तर बाहेरचा वाचक संदर्भाने अर्थ लावतो.

कादंबरीची रॉयल्टी विक्रीनंतर, म्हणजे उशिरा येते. पटकथेचे पैसे टप्प्यांत ठरवावेत: सही, पहिला खर्डा, अंतिम खर्डा. सहीची रक्कम जमा झाल्याशिवाय खर्डा पाठवू नये. पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे खर्ड्याची ऑनलाइन नोंदणी करावी. करारात हक्क किती काळासाठी दिले ती मुदत लिहिली नसेल, तर कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द कुठे घुसवलाय का, ते बारकाईने पाहा.

जळगाव-धुळ्यात घर असेल तर आधी कादंबरीच लिहावी, असं आमचं ठाम मत आहे. पटकथेच्या बैठकांसाठी मुंबईच्या खेपा चुकत नाहीत. फक्त प्रकाशकाच्या करारात चित्रपटाचे हक्क स्वतःकडे राखून ठेवा.