सेंडमेल : परक्या जाळ्यांचे पत्ते वाचणारी आज्ञावली

‘क!ख@ग’ असा पत्ता असलेला ईमेल यंत्रावर आला, तर तो आधी कोणाकडे धाडायचा? यूयूसीपी या युनिक्स यंत्रांच्या जुन्या जाळ्याच्या रिवाजात उद्गारचिन्हाच्या डावीकडे पुढचा मुक्काम असतो, म्हणून तो ‘क’कडे जाईल आणि उरलेल्या ‘ख@ग’चे काय ते ‘क’ पाहील. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या रिवाजात तो थेट ‘ग’कडे जाईल आणि ‘क!ख’चा अर्थ ‘ग’ लावील. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात ही दोन्ही जाळी, शिवाय विद्यापीठाचे स्वतःचे बर्कनेट, एकत्र नांदत असताना एरिक ऑलमन यांनी आधी डिलिव्हरमेल आणि मग सेंडमेल या ईमेल योग्य वाटेने धाडणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. सेंडमेल १९८३ मध्ये बीएसडी युनिक्स या बर्कलीच्याच संगणकप्रणालीबरोबर बाहेर पडले.

डिलिव्हरमेलमधले नियम आज्ञावलीतच पक्के केलेले असल्यामुळे जाळ्यांची मांडणी बदलली की ती पुन्हा कंपाइल करावी, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात नव्याने आणावी लागे. सेंडमेलने ते नियम वेगळ्या फाइलीत नेले, आणि सेंडमेलचे मोठेपण व ताप दोन्ही या एका निर्णयातून आलेले आहेत. हे नियम क्रमांक दिलेल्या संचांत असतात. नियमसंच ३ प्रत्येक पत्ता एका साच्यात आणतो, म्हणजे ‘क!ख’चे ‘ख<@क.यूयूसीपी>’ होते, मग नियमसंच ० वाहक (टपाल पुढे नेणारी आज्ञावली), यंत्र आणि व्यक्ती या तीन गोष्टी ठरवतो. ‘राम%गणित@सेतू’ हा पत्ता ‘सेतू’वर पोचला की शेपूट गळते आणि ‘राम@गणित’ उरते, हेही नियमांनीच साधते. पत्ता कसा असावा याबद्दल कोणताही आग्रह न धरणारी इतकी सोशिक आज्ञावली मी दुसरी पाहिलेली नाही.

नियम लिहिणे मात्र जिकिरीचे आहे. ‘$-’ म्हणजे पत्त्याचा नेमका एक तुकडा, ‘$+’ म्हणजे एक किंवा अधिक, ‘$*’ म्हणजे शून्यसुद्धा चालेल. आणि नियमाच्या दोन बाजूंमध्ये टॅबच हवा, डोळ्यांना तसाच दिसणारा मोकळ्या जागेचा पट्टा चालत नाही. १९९३ च्या आठव्या आवृत्तीपासून एम-फोर या, थोडक्या सूचनांवरून पूर्ण मजकूर तयार करणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने ही फाइल तयार करून घेता येऊ लागल्याने हा जाच बराच कमी झाला.

नियमांनाही न सुटणारा गुंता ब्रिटनच्या जॅनेट या विद्यापीठांच्या जाळ्याने घातला. तिथे यंत्राचे नाव उलट क्रमाने, देशापासून सुरू करून लिहीत, त्यामुळे संगणकशास्त्र विभागाचे ‘सीएस’ शेवटी येई, आणि तीच अक्षरे चेकोस्लोव्हाकियाचा संकेत होती. अक्षरांची अदलाबदल सेंडमेल करील, पण लिहिणाऱ्याच्या मनातला देश ते कसे ओळखणार?

ज्यांच्याकडे केवळ आजच्या सरळ डोमेन पत्त्यांची ये-जा आहे, त्यांनी या नियमांच्या वाटेला जाऊ नये. पत्त्याचा प्रवास पाहण्याची हौस असेल, तर सेंडमेलच्या चाचणी अवस्थेत ‘३,०’ आणि पुढे एखादा उद्गारचिन्हांचा पत्ता द्यावा. प्रत्येक नियमसंचाने त्याचे काय केले, ते ओळीओळीने पडद्यावर उमटते.